बिश्केकला निघण्याआधी: किर्गिझस्तानात नव्याने येणाऱ्यांसाठी

लातूरहून बिश्केकला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत प्रेशर कुकर, तीन किलो मेतकूट-चटण्या आणि थंडीसाठी म्हणून पुण्यात घेतलेलं एक जाकीट होतं. कुकर शेवटपर्यंत टिकला. चटण्या दिवाळीपर्यंत पुरल्या. जाकीट पहिल्याच नोव्हेंबरात निकामी ठरलं. एजंटाने फीचे हप्ते, मेस आणि वसतिगृह एवढं सगळं समजावलं होतं. पण आपण चाललोय तो देश कसा आहे, तिथली माणसं कशी बोलतात, कशाने दुखावतात, कशाने खूश होतात, याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता. पहिल्या तीन महिन्यांतला माझा निम्मा मनस्ताप त्यामुळेच झाला. दर वर्षी महाराष्ट्रातून बरीच मुलं एमबीबीएससाठी तिकडे जातात. त्यांच्यासाठी, आणि नुसतं फिरायला जाणाऱ्यांसाठीही, हे लिहीत आहे.

१. आधी नकाशा उघडा

किर्गिझस्तान म्हणजे रशिया नाही. हे घरच्यांनाही सांगा, नाहीतर आजी गल्लीभर 'नात रशियाला गेली' असं सांगत फिरते. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघाचा भाग होता, ३१ ऑगस्ट १९९१ ला स्वतंत्र झाला. उत्तरेला कझाकस्तान, पश्चिमेला उझबेकिस्तान, दक्षिणेला ताजिकिस्तान आणि पूर्वेला चीन. समुद्र कुठेच नाही.

क्षेत्रफळ जवळपास २ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. माणसं मात्र ७० लाखांच्या थोडी वर. एकट्या पुणे जिल्ह्यात याहून जास्त लोक राहतात. कारण सरळ आहे: देशाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ आहे. तिएन शान पर्वतरांगेतलं सर्वांत उंच शिखर, जेंगिश चोकुसू, ७४३९ मीटर आहे आणि ते याच देशाच्या चीनकडच्या सीमेवर उभं आहे. आपण सह्याद्रीला डोंगर म्हणून वाढलेले लोक, आणि कळसूबाई १६४६ मीटर. तिथे इसिक-कुल नावाचं तळंच १६०७ मीटरवर आहे.

राजधानी बिश्केक सुमारे ८०० मीटर उंचीवर, डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी. सोव्हिएत काळात तिचं नाव फ्रुंझे होतं, म्हणून माझ्या तिकिटावर विमानतळाचा कोड 'एफआरयू' छापलेला होता. चुकीचं तिकीट आलं म्हणून मी घाबरले होते. घड्याळ भारतापेक्षा फक्त अर्धा तास पुढे.

२. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात. सोबत हवं ते असं:

– पासपोर्ट, आणि त्याच्या व व्हिसाच्या डझनभर झेरॉक्स
– दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, जन्मदाखला, आणि त्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का)
– नीटचं गुणपत्रक (नीट पात्रतेशिवाय परदेशातली पदवी भारतात चालत नाही)
– एचआयव्ही चाचणीसह वैद्यकीय अहवाल
– पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट फोटो, मोजून वीस घ्या, कमीच पडतात
– या सगळ्याची स्कॅन प्रत ईमेलवर आणि घरी आई-बाबांकडे

मूळ गुणपत्रिका एजंटाच्या हातात देऊन 'तिथे पोचल्यावर घेऊ' असं करू नका. माझी बारावीची गुणपत्रिका परत मिळवायला मला चार महिने आणि बाबांना एकोणीस फोन लागले. दाखवायला मूळ, द्यायला प्रत.

प्रवेश घेण्याआधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम स्वतः वाचा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिकवणं इंग्रजीतून हवं, त्याच संस्थेत वेगळी १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकीचा परवाना मिळायला हवा. 'पाच वर्षांत सगळं आटपतं' असं कोणी म्हणालं, तर त्या पाच वर्षांत इंटर्नशिप धरली आहे का, हे लेखी मागा. परतल्यावर भारतातली परीक्षा आणि इथली इंटर्नशिप वेगळीच.

व्हिसाची मुदतवाढ आणि राहत्या पत्त्याची नोंदणी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागातून होते. पण तारीख तुम्ही लक्षात ठेवायची. आणखी एक सापळा: तुमच्याकडे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर सुट्टीत सहज म्हणून अल्माटीला जाऊ नका. कझाकस्तान भारतीयांना १४ दिवस व्हिसाशिवाय येऊ देतो आणि बसने चार-पाच तासांत पोचता येतं, त्यामुळे मोह होतो. जाताना कोणी अडवत नाही. परत येताना मात्र सीमेवर कळतं की आपला व्हिसा बाहेर पडल्याक्षणी संपला.

३. पाट्या वाचायला शिका, विमानात बसण्याआधी

ही पायरी कोणी सांगत नाही आणि सगळ्यांत जास्त उपयोगाची हीच आहे. लिपी सिरिलिक. रोमन 'बी'सारखं दिसतं ते 'व', 'पी' म्हणजे 'र', 'सी' म्हणजे 'स', 'एच' म्हणजे 'न'. मी दोन आठवडे हॉटेलांच्या पाट्या 'पेक्टोपाह' अशा वाचत होते आणि ही कुठली हॉटेलांची साखळी म्हणून विचार करत होते. ते 'रेस्तोरान' होतं. देवनागरी येणाऱ्याला ही लिपी एका आठवड्यात येते. जोडाक्षरं नाहीत, वेलांट्या नाहीत.

भाषा दोन. किर्गिझ ही राज्यभाषा, रशियन ही अधिकृत भाषा. बिश्केकच्या दुकानांत, रुग्णालयांत रशियन जास्त चालते. गावाकडे आणि दक्षिणेत किर्गिझ, ओश भागात उझबेकही. वर्ग इंग्रजीत भरतो, पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलात की रुग्ण तुमच्याशी इंग्रजी बोलणार नाही. ज्यांनी रशियनचे तास टाळले ते तेव्हा भिंतीला टेकून उभे असतात.

किर्गिझ मात्र मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. फारसी-अरबी शब्द आपल्याकडे आले तसे तिकडेही गेले. नान म्हणजे रोटी, बाजार म्हणजे बाजार, 'शार' म्हणजे शहर, 'कितेप' म्हणजे पुस्तक, 'दोस' म्हणजे दोस्त. आभार मानायचे तर 'रहमत'. नमस्काराचा शब्द 'सालामात्सिझबी', लांबलचक वाटतो, पण फोडून बघा: तुम्ही सलामत आहात का? आणि माझा आवडता शब्द 'दारी' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'तला दारू तोच. त्यामुळे औषधाच्या दुकानावर 'दारीकाना' असं लिहिलेलं असतं. पहिल्या आठवड्यात मैत्रिणीला ताप आला आणि आम्ही दोघी त्या पाटीसमोर उभ्या राहून आत जावं की नाही यावर वाद घालत होतो.

आपल्या तू आणि तुम्हीसारखंच तिथे 'सेन' आणि 'सिझ' आहे. मोठ्या पुरुषाला 'बाइके', मोठ्या बाईला 'एजे' म्हणायचं. भाजीवाली, कंडक्टर, वॉर्डातली नर्स, सगळ्यांना. नुसतं 'एजे' म्हटलं की समोरचा चेहरा बदलतो. 'हॅलो मॅडम'ने तो बदलत नाही.

४. शहरात वावरताना

दिशा हरवली तर बर्फाचे डोंगर शोधा. ते नेहमी दक्षिणेला. शहराचा उतारही दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे, त्यामुळे पत्ता सांगताना लोक 'वर जा', 'खाली जा' म्हणतात. वर म्हणजे डोंगराकडे. नकाशासाठी '२ जीआयएस' हे ॲप घ्या, इंटरनेटशिवाय चालतं आणि इमारतीचं दार कुठल्या बाजूला आहे तेही दाखवतं.

रस्त्यांच्या कडेने उघडे पाट असतात, त्यांना 'अरिक' म्हणतात. डोंगरातलं बर्फ वितळून आलेलं पाणी त्यातून झाडांना जातं, बिश्केक हिरवं आहे ते त्यामुळे. बर्फ पडल्यावर हे पाट दिसत नाहीत. माझा पाय त्यात गेला आणि घोटा दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. हिवाळ्यात पदपथाच्या कडेने चालायचं नाही, मधून चालायचं.

मिनीबसला 'मारश्रुत्का' म्हणतात. उतरायच्या आधी 'ओस्तानोवीते, पोझालुइस्ता' असं मोठ्याने म्हणा. मान खाली घालून पुटपुटलात तर पुढच्या चौकात उतराल. वयस्क माणूस चढला की तरुणांनी उठायचं. हा तिथे पर्याय नसतो, भारतीय मुलं कानात हेडफोन घालून बसून राहतात तेव्हा अख्खी गाडी त्यांच्याकडे बघत असते. टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, विमानतळावर अंगावर येणाऱ्या चालकांकडून नको.

चलन सोम. गेली काही वर्षं एक सोम आणि एक रुपया जवळपास बरोबरीचे आहेत, त्यामुळे हिशेब सोपा. डॉलर नेताना नव्या, न दुमडलेल्या नोटा न्या. फाटकी किंवा शिक्का असलेली नोट परत करतात किंवा कमी भाव देतात.

बाजार दोन लक्षात ठेवा. 'ओश बाजार' हा ओश शहरात नाही, बिश्केकमध्येच आहे. सुकामेवा, मसाले, भाज्या तिथे. दोर्दोई हा शहराच्या टोकाचा अवाढव्य घाऊक बाजार, एकावर एक ठेवलेल्या मालवाहू कंटेनरांचा. वरच्या कंटेनरात गोदाम, खालच्यात दुकान. जाकीट, बूट, थर्मल तिथेच घ्या, भारतातून ओझं आणू नका. बाजारात खिसेकापू असतात. साध्या कपड्यातला कोणी 'पोलिस आहे, पाकीट दाखवा' म्हणाला तर पाकीट हातात देऊ नका, ओळखपत्र मागा आणि पोलिस ठाण्यात चला म्हणा. बहुतेक वेळा तो गर्दीत नाहीसा होतो.

५. ऑक्टोबर जपून

थंडी म्हटली की सगळे जानेवारीला घाबरतात. जानेवारीत बाहेर उणे दहा-पंधरा असतं खरं, पण आत केंद्रीय हीटिंग चालू असतं, खोलीत टी-शर्टवर बसता येतं. त्रास होतो तो ऑक्टोबरात, कारण बाहेर गारठा पडलेला असतो आणि हीटिंग साधारण नोव्हेंबर लागल्याशिवाय सुरू होत नाही. त्या तीन आठवड्यांसाठी एक जाड रजई आणि गरम पाण्याची पिशवी. उलट बाजूने, उन्हाळ्याच्या तोंडाला देखभालीसाठी गरम पाणी काही आठवडे बंद होतं, तेव्हा बादलीत हीटर घाला.

हिवाळ्यात कोळशाच्या धुराने बिश्केकची हवा फार वाईट होते. दम्याचा त्रास असेल तर हे गांभीर्याने घ्या, एन-९५ मास्क न्या.

६. पोटापाण्याचं

शाकाहारी असाल तर खरं सांगते, बाहेर जेवण अवघड आहे. 'मांस नको' म्हटल्यावर मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा वाढतात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. हा भटक्या पशुपालकांचा देश, गवत जनावरांनी खायचं आणि जनावरं माणसांनी. पण बाजारात तलास खोऱ्यातला राजमा मिळतो, ते खोरं त्यासाठीच ओळखलं जातं. उझगेनचा तांबूस तांदूळ मिळतो. 'कायमाक' म्हणजे घट्ट साय, आणि 'त्वोरोग' पनीरच्या जवळचं. स्तालिनने १९३७ मध्ये अतिपूर्वेतून हाकलून मध्य आशियात आणून टाकलेल्या कोरियन लोकांची गाजराची तिखट-आंबट कोशिंबीर आता प्रत्येक बाजारात असते. आमच्या वरणभाताला लोणच्याच्या जागी ती चालायची.

मांसाहारी असाल तर लग्मान, सम्सा, मांती आणि ओश भागातला पुलाव, काहीही डोळे झाकून मागवा. 'बेशबार्माक' म्हणजे पाच बोटं. शेवया आणि मांसाचा हा पदार्थ हाताने खायचा असतो, तिथे तुमचं कौतुक होईल. घोड्याचं मांस असू शकतं, नको असेल तर आधी विचारा. घोडीच्या दुधाचा आंबवलेला 'कुमिस' पहिल्या दिवशी दोन घोट. वाटीभर प्यायलेल्या मुलाचा पुढचा दिवस कुठे गेला ते मी लिहीत नाही.

७. कोणाच्या घरी बोलावलं तर

जा. अभ्यास बाजूला ठेवून जा.

बूट दाराशी काढायचे, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. दारासमोरची सर्वांत आतली जागा म्हणजे 'तोर', मानाची. पाहुण्याला तिथे बसवतात. आपण संकोचाने दाराजवळ बसलो तर यजमान अस्वस्थ होतात. जमिनीवर अंथरलेल्या 'दास्तोर्कोन'वर, म्हणजे जेवण मांडायच्या कापडावर, पाय ठेवायचा नाही किंवा ते ओलांडायचं नाही.

रोटीचं सर्वांत जपायचं. नान पालथी ठेवू नका, जमिनीवर ठेवू नका, फेकू तर अजिबात नका. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाने शिळी नान कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेव्हा झाडणाऱ्या एजेने ती काढून, पुसून खिडकीत पक्ष्यांसाठी ठेवली. बोलली काहीच नाही. अन्न पायदळी नको, एवढं आपल्याकडेही सांगतात, पण तिथे ते फार गाढ आहे. घाईत असाल आणि थांबता येत नसेल, तरी दारात पुढे केलेल्या नानचा तुकडा मोडून तोंडात टाकल्याशिवाय निघायचं नाही.

चहा अर्धी वाटीच देतात. कंजूषपणा नाही. अर्धी वाटी लवकर संपते, पुन्हा भरता येते, म्हणजे तुम्ही अजून बसा. काठोकाठ भरली तर निघायची वेळ झाली समजा. जेवण झाल्यावर घरातलं वडीलधारं माणूस 'बाता' देतं, आशीर्वाद, आणि सगळे तळहात चेहऱ्यावरून फिरवतात. तुम्हीही फिरवा.

फुलं न्यायची तर विषम संख्येत, तीन किंवा पाच. सम संख्येची फुलं मयताला नेतात. ८ मार्चला शिक्षिकेला चार गुलाब देऊन मी वर्गात जी शांतता पसरवली ती अजून आठवते.

बोलायला विषय हवा असेल तर मानसबद्दल विचारा. मानस हा त्यांच्या महाकाव्याचा वीर, विमानतळालाही त्याचंच नाव. ते तोंडपाठ गाणाऱ्यांना 'मानसची' म्हणतात, आपल्या शाहिरांसारखे, पण एकेक जण तासन्‌तास एकटा गातो. किंवा सात पिढ्यांबद्दल विचारा. प्रत्येक किर्गिझ माणसाला आपल्या सात पूर्वजांची नावं यायला हवीत अशी रीत आहे, त्याला 'जेती आता' म्हणतात. मला उलट विचारलं तेव्हा मी पणजोबांपाशी अडखळले. ओशमध्ये मात्र जून २०१० हा विषय आपणहून काढू नका. किर्गिझ-उझबेक दंगलीत माणसं गमावलेली घरं तिथे शेजारी शेजारी आहेत.

८. भीतीबद्दल

१७-१८ मे २०२४ च्या रात्री बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. काही दिवस आधीच्या, स्थानिक तरुण आणि परदेशी यांच्यातल्या एका मारामारीचा व्हिडिओ पसरला होता. मी तिथे होते. आम्ही दिवे मालवून, दाराला पलंग लावून बसलो होतो. खाली आमच्या वसतिगृहाची वाख्त्योर, म्हणजे दारावर बसणारी साठीची एजे, बाहेरच्या पोरांना मोठमोठ्याने रागावत होती. सकाळी तिनेच नान आणि चहा वर आणला. दोन्ही खरं आहे, ती रात्रही आणि ती सकाळही, म्हणून दोन्ही सांगते.

पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा, त्यांचा आणीबाणीचा क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही ठेवा. रात्री उशिरा घोळक्याने फिरत मोठ्याने बोलू नका. भांडण दिसलं की व्हिडिओ काढायचा नाही, निघायचं.

९. आता डोंगर

पाच वर्षं राहून इसिक-कुल न पाहिलेली मुलं मला माहीत आहेत. वसतिगृह, कॉलेज, भारतीय मेस, एवढाच त्यांचा देश.

पहिली सहल अला-अर्चा राष्ट्रीय उद्यानाची. शहरापासून साधारण ४० किलोमीटर दक्षिणेला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग इसिक-कुल: जवळपास १८० किलोमीटर लांब, ६६८ मीटर खोल, किंचित खारं, आणि कडाक्याच्या थंडीतही न गोठणारं. नावाचा अर्थच 'उबदार तळं'. पोहायचं तर जुलै-ऑगस्ट. उत्तर किनाऱ्यावर चोल्पोन-आता इथे गर्दी असते, मला पूर्व टोकाचं काराकोल आवडतं. १८७७ नंतर चीनमधून डोंगर ओलांडून आलेल्या दुंगान मुस्लिमांनी बांधलेली मशीद तिथे आहे, चिनी देवळासारखी दिसते. तिथलं 'आश्ल्यान-फू', गार, आंबट-तिखट शेवया, कोल्हापूरच्या माणसालाही पटेल.

सोन-कुल जून ते सप्टेंबरच. हे तळं ३०१६ मीटरवर आहे. उन्हाळ्यात मेंढपाळ घोडे-मेंढ्या घेऊन वर कुरणांवर, 'जाइलो'वर येतात आणि लोकरी नमद्याचे गोल तंबू लावतात. त्यांना 'बोझ उय' म्हणतात. छताच्या मधोमध असतं ते गोल कडं, 'तुंदुक', देशाच्या झेंड्यावर आहे. सीबीटी नावाच्या गावकऱ्यांच्या पर्यटन जाळ्यातून अशा तंबूत राहायची सोय होते आणि पैसा त्या घरात जातो. जुलैतही रात्री शून्याच्या आसपास जातं. पहिल्या रात्री डोकं दुखलं तर पळापळ नको, पाणी प्या, झोपा. वाढतच गेलं तर खाली उतरा. हो, एवढ्या उंचीवर पाणी नव्वद अंशांनाच उकळतं, भात शिजत नाही. आमच्या कुकरने तिथे अख्ख्या तंबूची वाहवा मिळवली.

चीनच्या सीमेलगत इनिल्चेक हिमनदीकडे किंवा ताजिकिस्तानच्या सीमेवरच्या लेनिन शिखराच्या तळाकडे जायचं तर सीमाभागाचा वेगळा परवाना आधी काढावा लागतो. शिक्षणाचा व्हिसा दाखवून चौकीवर काही होत नाही.

१०. पहिल्या सुट्टीत घरी येताना

अर्सलानबोबच्या जंगलातले अक्रोड आणा. आत-बाशीचा पांढरा मध आणा, तो साबणासारखा घट्ट असतो. पण तो हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत द्रव म्हणून काढून घेतात. माझे दोन डबे असेच गेले. आणि 'कुरुत' आणा, खारट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या. आईने पिशवी उघडून विचारलं, हे खडू कशाला आणलेस? आठवड्याने बघते तर दही लागलं नव्हतं म्हणून तिने चार गोळ्या कोमट पाण्यात कुस्करून कढीला लावल्या होत्या. मीठ घालावं लागलं नाही.